बायकांच्या बाजूची ओळ

फादरनं कपाळाला आणि तळहातांना तेल लावेपर्यंत रुपीबाई शहाण्या लेकरासारख्या पडून होत्या. आजाऱ्यांची प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, सून अंजू चहा टाकायला उठली, आणि म्हातारीनं एक डोळा उघडला.

"झालं?"

"झालं, आजी. आता काही काळजी नाही," फादर म्हणाला.

"मंग वाटेचं म्हना."

फादर केरळचा. मारेगावात येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात त्याला रुपीबाई समजाव्यात अशी अपेक्षा करणं म्हणजे अन्यायच. त्यानं घनश्यामकडे पाहिलं. घनश्यामनं आईकडे न पाहता छपराच्या पत्र्याकडे पाहिलं. साठीला आलेला, वेल्डिंगच्या दुकानात दिवसभर लोखंडाशी भांडणारा माणूस, पण आईनं काही मागितलं की त्याला हटकून छपराची काळजी लागायची.

वाटेचं म्हणजे वाटेचं गाणं. देवळातून कबरस्तानापर्यंत मयताची पेटी नेताना म्हणायचं लॅटिन गाणं. त्याचं खरं नाव या घरात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि अर्थ तर त्याहून नाही. गोऱ्या फादरांच्या काळात अशी लॅटिन गाणी पुष्कळ होती, आणि गावानं आपल्या सोयीनं त्यांची बारशी केली होती. एक मेणबत्त्यांचं, एक धुपाचं, एक वाटेचं. पुढे उपासना मराठीत आली, ढोलकी आली, लॅटिन मागे पडलं आणि कोणाचं फारसं अडलंही नाही. पण रुपीबाईंचे मालक आंतोन मास्तर देवळात गाणी शिकवणारे. त्यांनी हे एक सोडलं नाही. माणूस मराठीत जगला तर चालतंय, पण जाताना त्याला हेच लागतं, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

गाण्याची रीत पक्की होती. एक ओळ उजव्या बाजूची, म्हणजे पुरुषांची. त्या ओळीवर खांदेकरी चालायचे. दुसरी ओळ डाव्या बाजूची, बायांची. त्या ओळीला खांदेकरी थांबायचे, खांदा बदलायचे, दम घ्यायचे. बायांची ओळ संपली की परत पावलं. समोरच्या बाजूची ओळ तोंडात घ्यायची नाही, हा मास्तरांचा दंडक. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ. त्यामुळे एकाच घरात घनश्याम अर्धं गाणं शिकला आणि त्याची धाकटी बहीण प्रभावती उरलेलं अर्धं.

"माय, थे मयतीले म्हनतेत," घनश्याम शेवटी म्हणाला. "तू जित्ती हाये."

"म्हूनच म्हनून राह्यली. मेल्यावर मले आयकू येनार हाये काय?"

"असं बोलू नाई वो."

"डॉक्टर बोलला थे चालते, मी बोलली का नाई चालत? पंधरा दिवस म्हने थो. मले सारं आयकू येते." त्यांनी दम घेतला. "मले दोनी बाजू पाह्यजेत. उजवी बी अन् डावी बी. अर्धं म्हनसान तं म्हनूच नोका."

फादर निघताना फाटकाशी थांबला आणि घनश्यामला म्हणाला, "मला ते लॅटिन येत नाही. पण घरात गायला माझी परवानगी नको." घनश्यामनं मान डोलावली. अडचण परवानगीची नव्हतीच.

अडचण अशी की डाव्या बाकावरच्या म्हाताऱ्या एकेक करून त्याच गाण्यावर गेल्या होत्या. रुपीबाईंचा सूर गेल्या वर्षीच्या दुखण्यात गेला. जीभ तेवढी देवाच्या कृपेनं शाबूत. राहिली प्रभावती, आणि तिचं नाव निघालं की या घरात भांडी उगाच जोरात वाजू लागायची. तिनं उमरखेडच्या भीमराजशी लग्न केलं होतं. एस.टी.त कंडक्टर, बौद्ध घरचा, सरळ माणूस. वर्षाच्या आत तिनं दीक्षाही घेतली. मास्तर काही बोलले नाहीत. बोलला तो घनश्याम. देवळाच्या दारात, चारचौघांत, "आता आमच्या बाकावर बसू नको," एवढंच. त्या वाक्याला तेहतीस वर्षं झाली होती. आईला ती भेटायची, पण यवतमाळच्या दवाखान्यात, आणि भाऊ दुकानात असेल ती वेळ साधून.

*

घनश्यामची मुलगी अर्पिता यवतमाळला नर्स होती आणि आजीसाठी रजा टाकून आली होती. तिला हा प्रश्न पाच मिनिटांचा वाटला. तिनं फोनवर शोधलं, हे गाणं नुसतं ऐकून माहीत असलेल्या शेजारच्या म्हाताऱ्या बसंतीबाईंना ऐकवून "हेच हाये बाई" अशी खात्री करून घेतली, आणि परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या देवळातलं गाणं आजीच्या उशाशी लावलं. काय आवाज होते! अर्पिताच्या अंगावर काटा आला.

रुपीबाईंनी दोन ओळी ऐकल्या. "हे पळून काहून राह्यले?"

"आजी, हेच गानं हाये ना?"

"असंन. पन मातीले इतल्या घाईनं कोन जाते? खांदा कवा बदलतेत हे? बंद कर बाप्पा, पडंन थो मुर्दा."

अर्पिता हसत हसत स्वयंपाकघरात आली. अंजू आलू-वांग्यासाठी वांगी चिरत होती. हसली नाही.

"आई, आत्याले बोलवा लागते. दुसरा इलाज नाई."

"बोलाव."

"अन् बाबा?"

"बाबाले इचारशीन तं अजून तेहतीस वर्सं लागतीन." अंजूनं वांग्याचे काप पाण्यात टाकले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तसं मले बी येते थे."

"काय येते?"

"डावी बाजू. लगन होऊन आली तवा तुया आजीनं शिकोली. इथीच, भाकरी करता करता."

"आई! मंग तूच म्हन ना! हे आधी काहून नाई सांगतलं?"

"तुया आजोबाच्या मयतीत मी तोंड उघडलं होतं. पयली पुरुषायची ओळ झाली अन् मी सूर धरला. तुया बाबानं पेटीखालून मांगं पाह्यलं. म्हने, चूप, तुयी जागा नोहे थे." अंजू पदरानं हात पुसत राहिली. "साऱ्या गावासमोर. तुया आजीच्यानं तं रडता रडता म्हनल्या जात नोहतं, अन् बाकीच्या बाया बी मंग चूप झाल्या. मंग काय, पुरुषायची ओळ झाली का सारे मुकाट्यानं उभे. परत ओळ, परत मुकाट. अर्ध्या गान्यावर नेलं आजोबाले. मी इथं पस्तीस वर्सं राबली, पन जागा काई मायी नोहे."

आईनं कधी कशाची तक्रार केलेली अर्पिताला आठवत नव्हती. तिनं आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. अंजू म्हणाली, "सरक, तेल उडंन," पण स्वतः सरकली नाही. मग अर्पितानं तिथूनच आत्याला फोन लावला. आत्याचा नंबर तिच्याकडे कधीपासून होता, हे अंजूनं विचारलं नाही.

*

उमरखेडला प्रभावतीनं फोन ठेवला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली.

भीमराज निवृत्त झाल्यापासून सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं त्याच्याच डोक्यावर असल्यासारखा वागायचा. "सकाळची यवतमाळ गाडी पकडू," तो म्हणाला. "तथून मारेगावले लगेच भेटते."

"मी हो कुठं म्हनलं?"

"नाई बी कुठं म्हनलं."

ती खुर्चीत बसली. "मी दीक्षा घेतली हाये. मनापासून घेतली. आता थे देवाचं गानं म्हनाचं म्हंजे लबाडी नाई होत काय? मले मायसमोर नाटक नाई कराचं."

भीमराजनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "दूध पेताना मायचा धरम इचारला होता काय तुनं?"

"नाई."

"मंग आता कायले इचारते? हात जोडू नोको, गुडघे टेकू नोको. मायले आयकाचं हाये, तू आयकव. बाकी कोनाचा काई हिशेब नाई त्यात."

तिला पटलं, पण तिला अडवणारं कारण ते नव्हतंच, आणि भीमराजलाही ते माहीत होतं. सतरा वर्षांपूर्वी बाबांच्या मयतीत दोघं कबरस्तानाच्या फाटकाशी उभे होते, तिथून देवळापासूनची सगळी वाट दिसायची. आत जायला कोणी अडवलं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. घनश्याम पेटीखाली होता. पुरुषांची ओळ आली, लोक थांबले, आणि बायांच्या ओळीच्या जागी काहीच आलं नाही. नुसते उभे. तिच्या ओठांवर ओळ तयार होती, भाऊ एकदा आपल्याकडे पाहील, हात करील, म्हणून ती थांबली होती. सहा वेळा ते थांबले. सहाही वेळा तिनं वाट पाहिली. बापाची माती पडली तेव्हा तिच्या तोंडात सहा ओळी तशाच राहिल्या होत्या, आणि भावानं हे मुद्दाम केलं, सगळ्या गावाला आपली रिकामी जागा दाखवायला केलं, अशी तिची खात्री होती. त्या दिवशी ती बापासाठी रडली त्याहून जास्त या रागानं रडली, आणि त्याची तिला अजून लाज वाटायची.

"थो दारात उभा राहीन," ती म्हणाली.

"राहू दे. दार त्याचंच हाये."

*

घनश्याम खरंच दारात उभा होता. अर्पितानं सकाळी सांगून टाकलं होतं, आत्या येऊन राह्यली, आणि तेव्हापासून तो दुकानात न जाता फाटकाची कडी तपासत होता. कडीला काही झालं नव्हतं. ती त्यानंच बनवलेली होती.

बहीण म्हातारी झाली होती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. केस पांढरे, आणि चालताना डावा पाय किंचित जड, मास्तरांचा पडायचा तसा.

"आली?" तो म्हणाला.

"आली."

"गाडीत जागा भेटली?"

"भेटली."

तेहतीस वर्षांनी भावाबहिणीचं एवढं बोलणं झालं. मागून भीमराज संत्र्यांची पिशवी घेऊन आला. "जय भीम, भाऊ."

घनश्यामनं आयुष्यभर लोकांना येशूच्या नावानं नमस्कार केला होता. तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "जय भीम. या, जावईबापू. पाय धुवा." आणि पिशवी त्याच्या हातून घेतली. आतून अर्पितानं हे पाहिलं आणि आईला कोपरानं ढोसलं.

रुपीबाई सकाळपासून वेणी घालून घेऊन तयार होत्या. लेक आत आली तशी त्यांनी तिचा हात धरला, तोंडावरून हात फिरवला आणि रडायला सुरुवात होणार असं दिसताच कामाचं बोलायला लागल्या.

"परभा, तू बाजेच्या या बाजूनं बस. डाव्या. घनश्याम, तू तिकून. जावईबापू, तुमी कुठं चालले?"

"मी बाहीर बसतो, माय. तुमचं देवाचं चालू हाये."

"बसा इथीच. घरचे मानसं हा तुमी."

भीमराज बसला. अर्पिता त्याच्या शेजारी बसली. अंजू स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. घनश्यामनं घसा खाकरला. वेल्डिंगच्या धुरानं तो केव्हाच कामातून गेला होता. त्यानं सूर लावायला तोंड उघडलं, आणि प्रभावती म्हणाली, "थांब. मले आधी एक इचाराचं हाये."

"आता?" रुपीबाई म्हणाल्या.

"आताच, माय. नाई तं मायाच्यानं म्हनल्या नाई जानार." ती भावाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "बाबाच्या मयतीत तुमी सहा वक्ती थांबले. मी फाटकापाशी होती. तुले मालूम होतं मी हाये म्हून. एकदा हात केला असता तं मी पळत आली असती. नाई तं दुसऱ्या कोनाले तरी म्हनू द्याचं होतं. बाबाले असं मुकाट्यानं काहून नेलं? लोकायले दाखवाले ना, का हे जागा हिनं खाली केली?"

घनश्याम छपराकडे पाहू लागला. रुपीबाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. "वरतं नोको पाहू. तिच्याकडं पाह्य."

"मले मालूम होतं तू हाये," तो म्हणाला. "म्हूनच थांबत होतो. मले वाटे, तू तथूनच सूर धरशीन. फाटकापासून आवाज येते. दर वक्ती वाटे, आता म्हनंन. आता म्हनंन."

"मी? तूच तं म्हनलं होतं, बसू नोको म्हून!"

"म्हनलं होतं."

"मंग?"

"मंग काय. म्हनून बसलो. तोंडातून गेलं थे मांगं कसं घेतेत, थे मले आलं नाई." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "तुले हात कराची हिंमत नोहती माई. तू नाई आली असती तं? साऱ्या गावासमोर? म्हून नुसता थांबलो."

दारातून अंजू बोलली, आणि सगळ्यांनी तिकडे पाहिलं, कारण अंजू अशा वेळी बोलत नसे. "अन् मले काहून चूप केलं? मले तं येत होतं सारं. मायनं शिकोलं होतं. तुमी म्हनलं, तुयी जागा नोहे थे. सतरा वर्सं झाली, रोज आयकते मी थे."

घनश्यामनं बायकोकडे पाहिलं. हे तिला असं लागलं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. चांगल्या माणसांच्या गावी पुष्कळ गोष्टी नसतात.

"तुयी नोहतीच," तो म्हणाला. "हिची होती. तू म्हनलं असतं तं ओळ भरून गेली असती. मंग हे आली असती तं बसली कुठं असती?"

प्रभावतीनं खाली पाहिलं. सतरा वर्षं तिनं ज्या शांततेचा राग धरला होता ती तिच्यासाठीच राखून ठेवलेली होती, आणि आता त्या रागाचं काय करायचं हे तिला कळेना. ती रडू लागली, आवाज न करता, नाक पुसत, लहानपणी बाबांची टपली बसल्यावर रडायची तशी.

"हे मले तवाच सांगतलं असतं," अंजू नवऱ्याला म्हणाली, "तं तोंड झिजलं असतं काय तुमचं?"

"चुकलं बाप्पा," घनश्याम म्हणाला. "दोघीपाशी चुकलं."

प्रभावतीनं डोळे पुसले आणि बाजेवर सरकून जागा केली. "वहिनी, या. इकून बसा, माया बाजूनं. मी इतल्या वर्सांत कोनासमोर म्हनलं नाई, कुठं अडली तं सांभाळजा."

अंजू आली. आधी बसू की नको असं तिचं झालं, मग बसली.

घनश्यामनं पहिली ओळ धरली. आवाज खरखरीत निघाला, पण चाल तीच होती, मास्तरांची, खांद्यावर ओझं असलेल्या माणसांना झेपेल अशी. ओळ संपली. तो थांबला. सवयीनं त्यानं श्वास रोखला, आणि मग डाव्या बाजूनं आवाज आला. प्रभावतीचा सूर बारीक झाला होता आणि वर जाताना कापत होता, पण शब्द एकही इकडचा तिकडे झाला नाही. घनश्यामच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण पुढची ओळ त्याची होती. दुसऱ्या वेळी प्रभावतीला हुंदका आला, तिथं अंजूनं ओळ उचलली, आणि तिथून पुढे दोघी मिळून म्हणू लागल्या. भीमराजला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता. सहा वेळा उजवी बाजू, सहा वेळा डावी. रुपीबाईंचे ओठ डाव्या बाजूबरोबर हलत होते.

गाणं संपलं. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

रुपीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. इतक्या शांत, की अर्पिता उठली आणि तिनं आजीची नाडी धरली.

"सोड," रुपीबाई म्हणाल्या. "जित्ती हाये मी."

"झालं ना माय मनासारखं?" घनश्यामनं विचारलं. "आता तुले काळजी नाई."

"मले कायची काळजी? हे मायासाठी कुठं होतं?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"थे तुया बापाचं होतं," त्या म्हणाल्या. "सहा जागी थांबला थो, अन् सहाई जागी त्याले पुढं जा म्हनाले कोनी नोहतं. सतरा वर्सं मले झोप नाई. मी तिकडं गेली असती तं पयलं हेच इचारलं असतं त्यानं, का पोरायनं मायं गानं पुरं केलं काय म्हून. काय सांगतलं असतं मी?" त्यांनी एका हातानं मुलाचा आणि दुसऱ्या हातानं मुलीचा हात चाचपून धरला. "आता मायं मी गेल्यावर म्हनजा. दोघंई यासान ना?"

प्रभावती म्हणाली, "येऊ, माय." घनश्यामनं आईच्या अंगावरून हात पलीकडे नेला आणि बहिणीच्या हातावर ठेवला.